रोपं कुणाच्या हातची

दि. ४ फेब्रुवारी

चि. नळोबास अ. उ. आ.

या खेपेला बसचा ड्रायव्हर रिकाम्या हाताने आला म्हणून गोंधळू नकोस. रोपांचं खोकं मुद्दामच दिलेलं नाही, त्याऐवजी हे पत्र दिलंय. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू आवाज चढवतोस आणि मी रडते. सध्या मला रडायचं नाही, भांडायचं आहे.

शेजारच्या मास्तरीणबाईंनी परवाचं वर्तमानपत्र आणून दिलं. अर्ध्या पानभर तुझा फोटो. मागे इस्पितळाच्या गॅलरीतले ते उभे पांढरे पाइप, त्यांच्या भोकाभोकांतून लेट्यूस आणि पालक डोकावतोय, आणि पुढे तू, हातात पाना घेऊन. मथळा काय, तर ‘मातीविना बाग फुलवणारा प्लंबर’. अर्धांगवायूतून उठणारे पेशंट थरथरत्या बोटांनी पानं खुडतात, त्यातून त्यांचा हात हळूहळू सुटतो, हे वाचताना ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मग शेवटच्या परिच्छेदावर आले. बातमीदाराने विचारलं की रोपं कुठून आणता, आणि तू सांगितलंस की बिया घरी मी स्वतःच लावतो.

मी स्वतःच! अरे, बी कोणतं आणि उंदराची लेंडी कोणती हे तरी ओळखता येतं का तुला? तीन वर्षं माझी मागची खोली त्या ट्रेंनी अडवलीय. स्पंजाचे तुकडे मी कापते, मी भिजवते, मी पिळते. चिमट्याने एकेकात दोन-दोन बिया मी ठेवते. पाहुणा आला तर तो स्वयंपाकघरात झोपतो, कारण त्या खोलीतला दिवा आणि पंखा रोपांच्या वेळेने चालतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं, तर मी ट्रे खाली ठेवायचे ते टेबलावर चढवले, पण तुझी खेप चुकवली नाही. पाइप तुझे, पंप तुझा, ती कारागिरी तुझीच. त्यावर मी कधी हक्क सांगितला नाही. पण ‘माझी बहीण करते’ एवढे तीन शब्द तुझ्या जिभेला जड झाले?

आता तूच लाव. तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ तूर्त आवरता घेतला आहे.

ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, कान गरम झाले. अगं, तो बातमीदार घाईत होता. मी सांगितलं एक, त्याने छापलं भलतंच. राईचा पर्वत करण्यात तुझा हात कोण धरणार? (राई रुजवायलाही तूच लागतेस, हे मान्य.) तुझी भावजय तुझ्याच बाजूची आहे. दोन दिवस माझ्याशी न बोलता ताट आदळतेय.

पण तू हट्टच धरला असशील तर माझंही ऐक. स्पंज ओला करायचा, बी टाकायचं, वाट पाहायची. त्यात कसली आलीय विद्या? पंधरा वर्षं इस्पितळाचे नळ सांभाळतोय, साठ रोपं नाही सांभाळता येणार?

घाई मात्र आहे. २० मार्चला वरच्या खात्याची तपासणी आहे. मोठ्या साहेबांनी बजावलंय की त्या दिवशी पाइप रिकामे दिसले तर ते उखडून गॅलरीत फायलींची कपाटं लावणार. तेव्हा राग गिळून एक खोकं पाठवलंस तर बरं. नाही पाठवलंस तरी माझं अडणार नाही.

तुझी माया पूर्वीसारखी राहो.

नळोबा


दि. १३ फेब्रुवारी

नळोबास,

मी त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला. बातमीदार बिचारा सज्जन निघाला. त्याने वही उघडून वाचून दाखवलं. त्याने तुला दोनदा विचारलं होतं. घरचं कुणी मदतीला आहे का, असंही विचारलं होतं. तू म्हणालास की कुणी नाही.

म्हणजे तू आधी त्याच्याशी खोटं बोललास आणि मग माझ्याशी. आता कसली आलीय विद्या ते तुझं तूच बघ. लेट्यूसचं बी दाबू नकोस, वरच ठेव, त्याला उजेड लागतो. एवढं पेशंटांसाठी सांगितलं, तुझ्यासाठी नव्हे.

ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हरलो. एकदाच लिहितो म्हणजे सुटेन.

पहिल्या ट्रेमध्ये मी पाणी इतकं भरलं की बिया कुजल्या. दुसऱ्यात कोंब आले, पण मी झाकण काढलं नाही आणि चार दिवसांत कापसासारखी बुरशी धरली. तिसऱ्या वेळी दिवा थेट छताला टांगला. रोपं उजेडाच्या ओढीने दोऱ्यासारखी लांबली आणि एका सकाळी सगळ्यांनी माना टाकल्या. शेवटी रोपवाटिकेतून मातीतली रोपं आणली, मुळं धुतली आणि पाइपात बसवली. मातीबरोबर काय आलं देव जाणे. आठवड्यात मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली, गॅलरीत नाक धरून चालावं लागलं. पाणी सगळ्या पाइपांतून एकच फिरतं, तेव्हा तू पाठवलेली जुनी रोपंही गेली. एकूण एक उपटून टाकली.

वॉर्डात एक शिंपीकाका आहेत. उजवा हात लुळा पडलेला. रोज दहाला येऊन ते त्याच हाताने दहा पानं खुडायचे. कात्री धरायचा दिवस जवळ आला, असं सगळ्यांना अडखळत सांगायचे. परवा आले, रिकाम्या भोकात बोट घालून पाहिलं आणि कॉटवर जाऊन पडले. तेव्हापासून व्यायामाला उठत नाहीत. मोठ्या सिस्टर माझ्याशी बोलत नाहीत.

ताई, साठ रोपं पाठव. हात जोडतो. तुझं नाव मी का घेतलं नाही ते तुला कळत नाही का? साहेब तेच आहेत. तुझं नाव निघालं असतं तर औषधभांडाराची ती भानगड पुन्हा उकरली गेली असती. तुझ्याच भल्यासाठी गप्प बसलो.

नळोबा


दि. १० मार्च

नळोबा,

भानगड! तुझ्या लेखणीतून हा शब्द उतरला आणि तू पुढे सहीही केलीस.

ती भानगड काय होती ते मीच एकदा लिहून काढते. सात वर्षांपूर्वी मी त्या भांडारात होते, नोकरीचं बाविसावं वर्ष. छतातला पाइप गळायला लागला. मी त्याच दिवशी तक्रारीची चिठ्ठी लिहून तुमच्या नळदुरुस्ती खात्याच्या पेटीत टाकली. चार दिवस कुणी फिरकलं नाही. इंजेक्शनांची चौदा खोकी भिजून लगदा झाली. भांडारप्रमुख तोंडी म्हणाले की फेकून द्या, मी फेकली. महिन्याने मोजणीत चौदा खोकी कमी भरली, आणि तेच प्रमुख म्हणाले की आपण असं काही सांगितलंच नव्हतं. मी पाइप गळल्याचं सांगितलं. तुमच्या खात्याने लेखी कळवलं की अशी तक्रार आलेलीच नाही. साहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हणाले, राजीनामा लिहा, नाहीतर पोलिसांना बोलावतो. मी लिहिला.

गल्लीतल्या बायका माझ्यासमोर पर्स जवळ ओढून बसायच्या, ते मी सोसलं. पण पाठच्या भावाला माझं नाव घ्यायची लाज वाटते, आणि वर तो म्हणतो की तुझ्याच भल्यासाठी! तू माझ्यावर विश्वास ठेवतोस असं समजून मी त्या खोलीत तीन वर्षं वाकले.

एकच विचारते, आणि आडवळण न घेता उत्तर दे. मी चोरी केली असं तुलाही वाटतं का?

ताई


दि. १४ मार्च

ताई,

नाही. तू चोरी केली नाहीस हे त्या इस्पितळात सगळ्यांत आधी मला माहीत होतं. तीन कागद फाडून हा चौथा लिहितोय.

तुझी चिठ्ठी पेटीतून मीच काढली होती. अक्षर तुझं, तारीख तुझी. मी निघालोच होतो, तेवढ्यात आमच्या मुकादमाने मला साहेबांच्या बंगल्यावर न्हाणीघर बदलायला धाडलं. चार दिवस तिथेच होतो. चिठ्ठी शर्टाच्या खिशात तशीच राहिली. चौकशी लागली तेव्हा मुकादम म्हणाला की बंगल्यावरच्या कामाचं नाव निघालं तर साहेब गोत्यात येतील आणि माझी कायम नोकरीची ऑर्डर जाईल. ती त्याच महिन्यात निघायची होती. तक्रार आलेली नाही, या कागदाखाली दोन सह्या होत्या. एक त्याची, एक माझी.

मला वाटलं होतं, तुला नुसती ताकीद मिळेल. तू राजीनामा दिलास तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. पाइपांची बाग काढली तेव्हा रोपं तुझ्याकडून घ्यायची, हे मी आधीच ठरवलं होतं. तुझे हात कामात राहतील, मला बरं वाटेल. बरं मला एकट्यालाच वाटलं. बातमीदाराने विचारलं तेव्हा तुझं नाव घेतलं की साहेब वाचणार, कुणीतरी जुनं विचारणार, आणि ती सही वर येणार, एवढंच डोक्यात आलं.

ती चिठ्ठी मी फेकली नाही. माझ्याकडे आहे.

नळोबा


दि. १६ मार्च

चिठ्ठी घेऊन साहेबांकडे जा. जे मला लिहिलंस तेच त्यांना लिही, बंगल्यासकट, सहीसकट. एक प्रत वरच्या खात्याला दे. दोन्हींवर पोच घे आणि चिठ्ठीची छायाप्रत मला पाठव. तपासणीच्या आधी जा, नंतर नको.

मला पुन्हा रडकं पत्र पाठवू नकोस. तू रडलास की मी तुझे डोळे पुसायला धावायचं, हे आपलं लहानपणापासूनचं. आता माझ्याकडे पदर नाही.

ताई


दि. २३ मार्च

ती. ताईस न.

सांगितलंस तसं केलं. सोबत छायाप्रत आणि दोन्ही पोच आहेत.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग दार लावून घेतलं आणि समजुतीने बोलले. इतकी वर्षं झाली, तुमच्या बहिणीचंही वय झालं, आता कशाला. मी म्हणालो की प्रत वर गेलेली आहे. त्यावर ते समजुतीने बोलायचे थांबले. मुकादमाने माझ्याशी बोलणं टाकलंय. चौकशी बसली आहे. तोवर माझी बदली धुलाईघराच्या पाइपांवर, आणि परवानगीशिवाय वॉर्डात पाऊल टाकायचं नाही.

जाण्याआधी मी वॉर्डात उभा राहून सगळ्यांना सांगितलं की रोपं माझी बहीण लावते, मी खोटं बोललो, आणि ती चोर नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. शिंपीकाकांची जीभ अजून जड आहे. त्यांनी बराच वेळ जुळवाजुळव केली आणि मला एकच शब्द सुनावला. तो मी इथे लिहीत नाही. योग्य होता.

तपासणीवाल्यांना मोठ्या सिस्टरांनी ठणकावून सांगितलं की रोग पडला म्हणून पाइप धुऊन ठेवलेत, महिनाभरात पुन्हा लागतील. कपाटं टळली. पाइप मीच धुतले, औषधाच्या पाण्याने, तीनदा.

मला क्षमा करशील का, एवढं कळव.

नळोबा


दि. १९ एप्रिल

नळोबास,

काल वरच्या खात्याचं पाकीट आलं. मी उंबऱ्यातच उभी राहून फोडलं. ‘आपणांवरील ठपका मागे घेण्यात येत आहे.’ दीड ओळ. वाटलं होतं, रडू येईल. आला तो रागच, आणि आधीपेक्षा मोठा. सात वर्षं, आणि दीड ओळ! मास्तरीणबाईंनी ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं. ज्या पर्स ओढून घ्यायच्या त्यांतल्या दोघी पेढ्यासारखं गोड तोंड करून आल्या. मी दार उघडलं नाही.

क्षमेचं विचारतोस. नाही केली. शेवटच्या आजारपणात अण्णांनी माझा हात धरून विचारलं होतं की बाई, असं का केलंस. तू कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभा होतास. पाण्याचा पेला होता तुझ्या हातात. तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर तुझी नोकरी गेली असती आणि माझे वडील मला परत मिळाले असते. याची भरपाई कुठलं खातं करणार? पुढेमागे माझं मन वळेल की नाही, मला ठाऊक नाही. विचारत राहू नकोस.

आता कामाचं. तुझं ते १४ मार्चचं पत्र आलं त्या दिवशी हातांना काहीतरी हवं होतं, नाहीतर मी भांडी फोडली असती. म्हणून बिया लावल्या. पाच आठवड्यांत रोपं तयार झालीत, बहात्तर आहेत. देठ जाड, मुळं स्पंजाच्या खाली दोन बोटं उतरलेली, पांढरीशुभ्र. खरी पानं फुटेपर्यंत खत दिलं नाही, मग अर्ध्या ताकदीचं दिलं. मोठ्या सिस्टरांशी माझं फोनवर बोलणं झालंय. ड्रायव्हरच्या हाती या वेळी खोकं येणार नाही. सोमवारी मी स्वतः घेऊन येते आणि स्वतः लावते. यापुढे रोपांचं काम माझ्या नावावर आहे, तशी वॉर्डाच्या वहीत नोंद करायला त्यांना सांगितलंय.

तू त्यांची परवानगी काढून नऊपर्यंत पंप तपास आणि पाणी फिरतं कर. खालच्या पाइपाचा सांधा गळत असेल तर तो त्याच दिवशी बांध, चार दिवसांनी नव्हे. दहाला मी येईन तेव्हा तू गॅलरीत नसावंस.

कळावे.

ताई