तुमच्यावरचा सिनेमा

बाबा, तुमच्यावर सिनेमा निघत होता. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर लाइट मारणाऱ्या माणसावर एकदा तरी लाइट पडावा म्हणून मीच तो लिहिला होता. बजेट एवढं कमी की दिग्दर्शक पहिल्या दिवसापासून सगळ्यांना 'आपलं कुटुंब' म्हणत होता. पैसे नसले की माणसं फार लवकर नातेवाईक होतात.

गेल्या महिन्यात चेणे गावात शूटिंग होतं. सीन तुमचाच: जेवणाची सुट्टी दिली नाही म्हणून तुम्ही सेटवरचा मेन स्विच खाली केलात, तो. त्या दिवसाची मला फक्त घरची बाजू माहीत. खारी गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही सगळं रंगवून सांगताय, आणि ती म्हणते, "आता उद्या कामाला कोण बोलावणार? तुमचा मेन स्विच?" तुम्ही शांतपणे म्हणता, "जेवण म्हणजे मेहेरबानी नाय गो," आणि दुसरी भाकरी मागता.

तर हाच सीन चालला होता आणि चार वाजले तरी युनिटला जेवण नव्हतं! नटांपुढे ताटं भरलेली, ती कॅमेऱ्यासाठी; लाइटमन शिडीवर उपाशी. विचारलं तर दिग्दर्शक म्हणतो, "उजेड जातोय, दादा. घरच्या कार्यात आपण आधी जेवतो का?" तेवढ्यात युनियनची तपासणीची गाडी आली. निम्म्या लोकांकडे कार्ड नाही. कार्डासाठी आधी काम दाखवा, कामासाठी आधी कार्ड दाखवा, हा तुमच्याच युनियनचा शहाणपणा. दिग्दर्शक कुजबुजला, "हातमोजे काढा, चटईवर बसा. आपण पिकनिकला आलोय." आणि बसले की सगळे!

तपासणीवाल्यांतल्या एका म्हाताऱ्याने मला ओळखलं. "तू आमच्या खारीच्या लाइटमनचा पोरगा ना? शपथ घालत नाय, नुसतं सांग. ही पिकनिक हाय?"

"नाही," मी म्हणालो. "कामगार आहेत. आणि सकाळपासून उपाशी आहेत."

त्यांनी शूटिंग बंद केलं. कार्ड नाही म्हणून. जेवणाचा शब्दसुद्धा कुणी काढला नाही. चहा घेतला आणि गेले. हातमोजे खिशात कोंबत एक लाइटमन मला म्हणाला, "सर, खाना तो पाँच बजे मिल ही जाता. अब काम कौन देगा? आप?" अगदी आईचा प्रश्न.

तुमचा राग येतो तो इथे. स्विच खाली केल्याचं तुम्ही किती वेळा सांगितलंत! त्यानंतर कोण कोण तुमच्याशी बोलेनासं झालं, ते एकदाही नाही. अर्धी गोष्ट सांगून वाढवलंत मला, आणि मी मूर्खासारखी तीच अर्धी सिनेमात घातली.

दिग्दर्शक फोन उचलत नाही. सिनेमा आता होणार नाही. तुम्ही असतात आणि हे पत्र पाठवता आलं असतं, तरी पाठवलं नसतं. तुम्ही शाबासकी दिली असती, आणि मला ती नकोय. सिनेमात तुमचं काम करणारा नट चालताना डावा खांदा पाडायचा, हुबेहूब तुमच्यासारखा. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या म्हाताऱ्याला 'नाही' म्हणताना मी या नटाकडे बघणं टाळलं. मला तुम्हाला पडद्यावर चालताना बघायचं होतं, बाबा.