शांभवीच्या गळ्यातला दोरा

शैलजा,

कपडे न्यायला आले होते, तू बँकेतून यायच्या आत परत निघते. तुझी लेक आपल्या पायांनी विद्यापीठाच्या डॉक्टरणीकडे गेली नि म्हणाली, "माझा मलाच भरवसा वाटेना, मला कुठेतरी सांभाळून ठेवा." म्हणून आठवडाभरासाठी मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवलंय. सोबत घरची बाई लागते, ती मी.

तिथे गळ्यात दोरा चालत नाही. नर्सने इष्टलिंगाचा दोरा मागितला तेव्हा मी तिला झाडलं, "आम्हा लिंगायतांत हा मेल्यावरही निघत नाही." शांभवी म्हणाली, "अज्जी, मला जगायचंय. काढ." तिचा काढला, मग माझाही काढला. दोन्ही दोरे देव्हाऱ्यात आहेत, हात लावू नकोस.

मी निघाले तेव्हा ती दोऱ्यातून सोडवलेला देव मुठीत धरून झोपली होती, किती दिवसांनी. तिथल्या बायका पाण्याखालून चालल्यासारख्या चालतात, निंबाची सावली त्यांच्या अंगावरून हलत राहते. बघता बघता मलाही गुंगी येते. संध्याकाळी भाकरी नि शेंगाचटणी पाठव, तिथला भात गिळवत नाही.

ईरण्णा लेकीला घरी आणायला निघाला तर दार अडव. दोऱ्यावरून ओरडला तर सांग, तुमच्या आईचाही गळा मोकळा आहे, आधी तिच्याशी भांडून या.

तुझी सासू