एक हात पदराला

रविवार, दिवेलागण

उपासनेहून घरी आले, चहा झाला, तरी हात अजून हवेतच असल्यासारखे वाटताहेत.

आठवडाभर वावरात दोन्ही हातांनी कापूस वेचते. रविवारी देवापुढे मात्र एकच हात वर. दुसरा डोक्यावरचा पदर धरायला, कारण सासूबाई माझ्या मागेच बसतात आणि चर्चमध्ये पदर ढळलेला त्यांना खपत नाही. एका हाताची भक्ती येशूला चालत असेल? काहून चालेल?

आज गाण्याच्या मधेच दुसराही हात वर गेला. मी नेला की आपोआप गेला, कळलं नाही. डोळे मिटलेले, आत सगळं पांढरं, फुटलेल्या कापसाच्या वावरासारखं. पदर सरकला. आता बोलणी बसणार हे ठाऊक होतं, तरी हात खाली येईनात.

मग पदर हळूच डोक्यावर परत आला. मागून सासूबाईंचा आवाज, "तू गाणं म्हण. पदर मी धरून राह्यली."

गाणं संपल्यावर वळून पाहिलं. त्यांच्या एका हातात माझा पदर, दुसरा हात वर. आणि त्यांचा स्वतःचा पदर केव्हाच खांद्यावर घसरलेला.