दुधाच्या टेम्पोतून आलेला ई-मेल

गुरु. १२ ऑगस्ट १९९९, स. ११.४०
दुधाच्या टेम्पोवाले तात्या दारात. हातात कागद, घडीसुद्धा नाही. "बाई, बारामतीच्या इंटरनेटवाल्या दिलीपनं दिलाय. लेक नवऱ्याला सोडती म्हणं?"
नीलूचा ई-मेल, अमेरिकेतून, फक्त मला. पहिलीच ओळ: नोकरी आणि खोली मिळेपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस.
"मी न्हाय वाचला. इंग्रजी अक्षरं मला कुठं येत्यात? डेअरीत मास्तरांनी वाचून दाखवला."

शुक्र. १३
एस.टी.नं बारामती. दिलीप खूश. "बाई, तुमचा हेलपाटा वाचवला." रोज सकाळी सगळ्यांचे ई-मेल तोच उघडतो, छापतो, त्या गावच्या गाडीत देतो. वहीत नाव, गाव, पासवर्ड. माझ्या नावापुढे पासवर्ड "नीलू".
"लोक इसरत्यात, म्हणून लिवून ठेवतो. पोस्टमन तरी काय करतो?"
"पाकीट फोडत नाही."
"ह्याला पाकीटच नसतंय, बाई."
नुसता संताप.
बाकावरचे आबा: "लपवण्यासारखं काय हाय एवढं?"
"खिशातला डॉक्टरचा कागद द्या आबा, डेअरीत वाचते."
आबांचा हात खिशावर.

शनि. १४
कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात सिस्टर आमची पत्रं उघडायच्या. बारा वर्षांची होते, मान खाली घातली. आता त्रेसष्ट. नाही घालणार.
दुपारी नीलूचा फोन, दोन मिनिटं. इंदापूरला तिच्या सासरी कळलं, तिथून जावयाला. त्यानं तिचा पासपोर्ट कपाटात घातला, किल्ली स्वतःकडे. "आई, तू कुणाला सांगितलंस?"
मी नाही गं, एवढंच म्हणता आलं. तिला पटलं की नाही, कोण जाणे.

सोम. १६
पुन्हा बारामती. दिलीपला तोंड भिंतीकडे करायला लावून पासवर्ड बदलला. नवा इथंही लिहीत नाही. आता फक्त मीच उघडणार, हे नीलूला कळवायचं कसं, ते ठरलेलं नाही. तिचा फोन नाही.
वहीचं पान फाड म्हटलं. "त्यावर दुसऱ्यांचीबी नावं हायत, बाई."
"म्हणूनच फाड."
फाडलं नाही. चहा मागवला, मी घेतला नाही; अर्ज काढला. "लेखी कशाला? आपण घरचीच माणसं."
घरची माणसंही दार वाजवून येतात. अर्ज दिला, पोच घेतली: नीलूचा ई-मेल कुणाकुणाला दाखवला, किती प्रती काढल्या, वही कधी जाळणार. उत्तर लेखी, सहीनिशी, शनिवार २१ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी ऐकून घेणार नाही.