शेपट्या साहेबांना, गोष्टी नातीला

मी, खाली सही करणारी, अंगाने थकलेली पण अकलेने शाबूत बाई, कुणाच्या धाकाने नव्हे, मोठ्या खुशीने हे लिहून ठेवते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं नि म्हणाल्या, "आजी, तुमचं डोकं जरा जास्तच ठिकाणावर आहे." शाळा मी तिसरीपर्यंतच पाहिली, तरी पोरांसाठी कपाटभर गोष्टी लिहिल्या.

१. राहतं घर मुलाला नि सुनेला, निम्मं निम्मं. भांडायचं तर हळू भांडावं. शेजारच्या शिंप्याचे कान त्याच्या कात्रीहून तेज आहेत.

२. माझी सगळी भांडी थोरल्या नणंदेला. माझी पहिली गोष्ट तिनं चुलीत घातली नि वर म्हणाली, "कागद काळे करण्यापेक्षा भांडी उजळ कर गं!" तर वन्सं, घ्या. मुद्दाम घासलेली नाहीत.

३. आता गोष्टी. परवा प्रकाशक साहेब फुलं घेऊन आले नि फुलांखालून कागद काढला : सगळे हक्क कायमचे त्यांना. फुलं ठेवून घेतली, सही केली नाही. ह्याच साहेबांनी माझ्या प्रत्येक गोष्टीला, मला न विचारता, तात्पर्याची शेपटी लावली. माझी बकरी दावं तोडून डोंगरावर गेली नि मजेत राहिली. खाली छापलं काय, तर 'तात्पर्य : नेहमी मोठ्यांचे ऐकावे.' नात तेव्हा एवढीशी, पण म्हणाली, "आजी, ऐकलं असतं तर खाटकाकडे गेली असती ना?" मी भांडायला गेले. साहेब म्हणाले, "बाई, मुलांना शिकवण नको का?" म्हटलं, "शिकवायला शाळा आहे, घर आहे, मार आहे. गोष्ट तरी सोडा की हो!" सोडली नाही.

सबब, सर्व गोष्टींचे सर्व हक्क नातीला. तात्पर्यं साहेबांना, वंशपरंपरेने. त्यांचं वेगळं पुस्तक काढावं. मी आडवी येणार नाही. येऊ तरी कशी!

४. बकरीच्या पुस्तकाच्या गोदामातल्या प्रती साहेबांनी खुशाल विकाव्यात, पण एका अटीवर. मी गेल्यावर गल्लीतली पोरं जमवून ती गोष्ट स्वतः मोठ्यानं वाचायची. 'बकरी काही परत आली नाही' इथे थांबायचं, पुस्तक मिटायचं आणि पोरं काय वाटेल ते बोलतील ते उभ्यानं ऐकून घ्यायचं.

स्थळ : माझं स्वयंपाकघर
दिनांक : आज, मंगळवार, जेवणं उरकल्यावर
सही : आजी (कपाटभर पुस्तकांवर आहे तीच)

बाईंनी आमच्यादेखत, हसू आवरत सही केली.
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. शेजारचा शिंपी (कानांबद्दलची हरकत नोंदवून)