हॅलोरनचा शब्द

२ जुलै
हॅलोरन केक घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं – काम आहे! बास्केटबॉल संघाचा एवढा मोठा मॅनेजर, उगाच कुणाच्या घरी येतो होय?

लीगनं पगाराला मर्यादा घातलीय, अख्खा संघ तेवढ्यातच बसवायचा. प्रुइटसारखा तारा आणायचा तर कुणाच्या तरी ताटातलं काढून त्याला वाढावं लागणार. कुणाच्या? कॅप्टनच्या. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आल्विनच्या!

आल्विननं एकच मागितलं – मला पिट्सबर्गमधून हलवू नका. सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आताशा त्यांना फक्त त्याचाच चेहरा ओळखू येतो. मला त्या नर्स समजतात.

हॅलोरन म्हणाला, असं करारात लिहून घ्यायला लीगमध्ये आठ वर्षं लागतात, याची सातच झालीत. आणि कराराबाहेर वचन देणं म्हणजे नियमभंग. कळलं तर संघालाच शिक्षा. मग दारात थांबून हळूच म्हणाला, "मी आहे तोवर तू इथेच."

नुसता शब्द घेऊन काय चाटायचाय? मी तोंडावर बोलले. आल्विन हसला. वर केक खाल्ला मेल्यानं.

६ जुलै
सही केली. निम्म्या पगारावर. मी बोलत नाहीये त्याच्याशी.

१७ नोव्हेंबर
प्रुइट आला आणि संघ जिंकतच सुटलाय. आज जेवायला बोलावलं त्याला. तळलेला मासा, मक्याचा पाव. आल्विननं सासूबाईंना जवळ बसवून भरवलं – काटे काढून, एकेक घास. त्या प्रुइटला म्हणाल्या, हा माझा मुलगा, बरा खेळतो. प्रुइट म्हणाला, ठाऊक आहे आजी, त्याच्यामुळेच आलो मी.

भांडी घासताना मला रडू आलं. आता बोलते मी आल्विनशी. केव्हापासूनच बोलते.

२१ जानेवारी
संघाच्या मालकाला आता आणखी एक तारा हवाय, सॅक्रमेंटोच्या संघातला तो उंच सेंटर. ते द्यायला तयार आहेत, पण बदल्यात आल्विन मागतात. गुणी आणि स्वस्त – कुणाला नको? पगार सोडला म्हणूनच आज त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. घ्या!

हॅलोरन नाही म्हणाला.

पेपरवाले त्याला सोलून काढतायत. म्हाताऱ्याची मती फिरली म्हणे. आणि त्याला कारण सांगायची सोय नाही! ते फक्त आम्हा तिघांना ठाऊक. मी केक करून नेला त्याच्याकडे. खालून करपला होता. त्यानं दोन तुकडे खाल्ले, आणि सासूबाई कशा आहेत तेवढं विचारलं.

मी काय काय बोलले होते त्याला.

३० जानेवारी
हॅलोरनला काढलं.

३ फेब्रुवारी
नव्या मॅनेजरचा फोन. फार गोड बोलला म्हणे. सॅक्रमेंटो – देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. उद्याच निघायचं.

आल्विन आईजवळ बसून आला. मी बॅग भरायला घेतली, तर हा पुन्हा बूट घालतोय. आता कुठे, म्हटलं.

"हॅलोरनकडे. बातमी टीव्हीवर यायच्या आत. नाहीतर त्याला वाटेल, आपली नोकरी फुकट गेली."

"मग काय सांगणार आहेस त्याला?"

"की हा एवढा हिवाळा मला आईजवळ मिळाला."

बॅग तशीच टाकली. मीही बूट घातले.