एकदाच बघायचं

४ फेब्रुवारी १९८१, बुधवार

उद्या जायचंय. पुण्याला, डोक्याच्या डॉक्टरणीकडे! घरी विलासला, सासूबाईंना सांगितलंय डोळ्यांचं काम आहे. खोटं तरी किती बोलू? आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच गेले होते. म्हटलं नंबर काढा, कामावर नीट दिसत नाही. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "बाई, डोळे ठणठणीत आहेत. त्रास दुसरा आहे." आणि या मॅडमच्या नावाचा कागद हातात ठेवला.

काय करतील? शॉक देतील? येरवड्याला धाडतील? जमिला कामावर माझ्या शेजारीच बसते, तिला एकटीला सांगितलं. ती म्हणते, "शॉक दिला की माणूस गप्प होतो, बाकी काही नाही." ही धीर देते की घाबरवते!

म्हणून लिहून ठेवते. मी प्रभावती, वय एकोणतीस, आज पूर्ण शुद्धीवर आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, ते बरं झालं. शॉक नाही. मशीन नाही. खाटसुद्धा नाही! एक टेबल, दोन खुर्च्या. इंद्रायणी मॅडम माझ्याहून फार मोठ्या नाहीत, पेनाचं टोपण चावतात. मला वाटलं आईबापाचं काढतील, लहानपणचं विचारतील. तर विचारलं काय – "काल कामावर पहिली शिशी हातात घेतल्यावर नेमकं काय काय केलंत?"

सगळं बोलून गेले. औषधाच्या कंपनीत चेकिंगला आहे. इंजेक्शनची शिशी उलटी करायची, दिव्याखाली काळ्या फळीसमोर धरायची, मग पांढऱ्या. कचरा नाही, काच नाही, की ट्रेमध्ये. ट्रे भरला की आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची, तीच पुढे खोक्यात जाते. माझा नंबर सतरा. दिवाळीनंतर एकदा, चांगली म्हणून ठेवलेल्या शिशीत मला काचेचं कुसळ दिसलं. लगेच बाजूला काढली. कोणाला बोलले नाही. तेव्हापासून एकेक शिशी सात-सात वेळा बघते. मधेच मोजणं चुकलं तर पुन्हा एकपासून. नाहीतर एखादी तशीच जाईल, कुणाचं तरी लेकरू मरेल, आणि आत चिठ्ठी निघेल सतराची.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, दहा-बारा गुरुवार यायचं. गोळ्या नाहीत. दर वेळी घरी करायला अभ्यास. मी विचारलं, "मग तुम्ही मला बरं कधी करणार?"

"मी नाही करणार. तुम्ही करायचं, मी सोबत असेन. आणि आत्ताच सांगते, आधी भीती वाढेल."

घ्या! भीती घालवायला आले, तर म्हणे वाढेल. परतीच्या बसमध्ये रागच आला त्यांचा.

८ फेब्रुवारी, रविवार

अभ्यासाची वही वेगळी, ही वेगळी. ती मॅडम बघतात. इथे खरं लिहिते – मला त्या वहीचीपण भीती वाटते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वहीत मनात आलेला विचार लिहायचा आणि तो किती खरा वाटतो त्याचे शंभरात मार्क. "लेकरू मरेल" – ९५.

"आता कोर्टात देतात तसा पुरावा द्या. चार वर्षांत शिश्या किती बघितल्या?"

लाखांनी.

"तक्रारी किती आल्या?"

एकही नाही.

"मग?"

"म्हणूनच तर सात वेळा बघते ना!"

"सात वेळा दिवाळीपासून. त्याआधीची तीन वर्षं?"

९५ खोडून ९० केले, मॅडमना बरं वाटावं म्हणून.

मग भीतीची एक शिडी काढायला लावली. तळाची पायरी – घराचं कुलूप, तेही हल्ली सातदा ओढते, ते एकदाच ओढून बघायचं. मधली – स्टोव्ह एकदाच बघायचा. सगळ्यात वरची – कामावर शिशी एकदाच बघायची. काळी फळी, पांढरी फळी, ट्रे. नियम तरी तोच आहे म्हणा. पण ती पायरी मी सगळ्यात बारीक अक्षरात लिहिली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हिंदुराव सुपरवायझर सगळ्यांच्या देखत ओरडले. "बाकीच्या पोरींचे बारा ट्रे नि तुझे चार? शिश्या बघतीस का त्यांच्याशी गप्पा मारतीस? एप्रिलपर्यंत बघणार मी, मग घरचा रस्ता!" पोरी हसल्या. जमिला नाही हसली.

नोकरी गेली तर विलासच्या एकट्याच्या पगारात कसं व्हायचं? आणि राहिली तर? कुणाचं तरी लेकरू! दोन्हीकडून मरण माझंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कुलूप एकदाच ओढलं. बसथांब्यापर्यंत गेले. आणि पळत परत! कुलूप होतं तसंच. शेजारची चिमाबाई बघत होती. संध्याकाळी सासूबाईंना म्हणाली, "सुनंला नजर लागली. उतारा टाका की." सासूबाई फाडकन म्हणाल्या, "आमी बुद्धाचं झालो तवापास्नं असलं सोडलंय. डोळ्याच्या डाक्टरकडं जाती ना ती? झालं तर!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पळाले ते सांगितलं. वाटलं रागावतील. विचारलं, "थांब्यावर उभ्या राहिला असता तर भीती किती वेळ टिकली असती?"

मला काय माहीत!

"तेच बघायचंय. चढलेली भीती आपोआप उतरते. तुम्ही तिला उतरेपर्यंत कधी थांबलाच नाहीत."

बोलायला काय जातंय त्यांचं.

७ मार्च, शनिवार

कुलूप एकदाच. पळाले नाही. बसमध्ये बसले तेव्हा भीती शंभरात ९०. कासारवाडीला ७०. कंपनीच्या फाटकात ४०. खरंच उतरली!!

१५ मार्च, रविवार

विलासला अभ्यासाची वही सापडली. सापडायचीच होती, खोली केवढी आमची. उंबऱ्यातच उभा राहून वाचत होता. तोंड पांढरं पडलेलं. "लेकरू मरेल, नव्वद... हे काय आहे प्रभा? कोणाचं लेकरू?"

सांगून टाकलं. डोळे नाहीत, डोकं आहे. आता हा म्हणेल, वेडी पदरात पडली. तर म्हणाला, "मला वाटलं, दुसरंच काही लपवतेस." आणि रडला, माझ्या आधी! नंतर म्हणतो, "मीपण लेथवर माप तीनदा घेतो." मी म्हटलं, तीनदा आणि सातदा यात फरक आहे. तर म्हणे, "आहे ना. तुझा नंबर वरचा." मेला! पण पुढच्या गुरुवारी बसथांब्यापर्यंत सोडायला येणार आहे.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. हिंमत नाही.

२४ मार्च, मंगळवार

वरची पायरी. आज.

पहिली शिशी. काळी, पांढरी, ठेवली. हात परत तिच्याकडेच जात होता, जमिलाने बाकाखालून गुडघा मारला. दुसरी. तिसरी. ट्रे भरला तेव्हा ९५. चिठ्ठी टाकताना वाटलं, कुणाच्या तरी मरणावर सही करतेय. गाडा आला आणि ट्रे घेऊन गेला. मला त्यामागे धावायचं होतं. मी बाक धरून बसले.

जेवणापर्यंत ५०.

३१ मार्च, मंगळवार

नऊ ट्रे! हिंदुराव नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे शाबासकी.

७ एप्रिल, मंगळवार

तक्रार आली.

एका दवाखान्यातून. शिशीत काच. सुई लावायच्या आधी नर्सला दिसली, कुणाला काही झालं नाही. पण काच होती. आणि त्या खोक्यातली चिठ्ठी सतराची.

हिंदुरावांनी ऑफिसात बोलावून नुसती चिठ्ठी दाखवली. लॉट कोणता, म्हणजे शिश्या कधी तपासलेल्या, ते रजिस्टर बघून उद्या सांगणार आहेत. मला कळायचं ते कळलं. एकदाच बघितलं, त्याचं हे फळ! मॅडमनी माझा घात केला. शिडी म्हणे! पुरावा म्हणे! हा घ्या पुरावा! विलास म्हणतो, थांब, उद्यापर्यंत थांब. कशाला थांबू? आज बाकावर परत सातवर गेले. जमिलाने गुडघा मारला, मी तिच्यावर वसकन ओरडले. ती रडली. मॅडमकडे आता पाऊल टाकणार नाही.

८ एप्रिल, बुधवार

लॉट सोळा जानेवारीचा निघाला. ताकीद मिळेल, नोकरी राहील, असं काहीतरी हिंदुराव बोलत होते, मला धड ऐकूच येत नव्हतं. जानेवारी! तेव्हा एकही शिशी मी सात वेळा बघितल्याशिवाय ठेवत नव्हते. ती काच माझ्या डोळ्यांसमोरून सात वेळा गेली होती.